उष्णता कुठे जाते, ते आधी सांगा

चार सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम चार मिलिमीटर जाड. पांढऱ्या सिरॅमिकच्या दोन चकत्या, त्यांच्यामध्ये दाटीवाटीने बसवलेले अर्धवाहकाचे बारीक ठोकळे आणि बाहेर आलेल्या दोन वायरी, एक लाल, एक काळी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ही वस्तू ‘पेल्टियर’ म्हणून मागितली की मिळते, तीही काहीशे रुपयांत. तिला बारा व्होल्ट द्यायचे. काही क्षणांत एक बाजू बोटाला झोंबेल इतकी गार होते आणि दुसरी तापू लागते. वायरी उलट्या जोडल्या की गार बाजू गरम आणि गरम बाजू गार. गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही, आवाज नाही, हलणारा एकही भाग नाही.

ज्याच्या टेबलावर तापणारा कॉम्प्युटर आहे, त्याच्या डोक्यात पुढची कल्पना आपोआप येते. गार बाजूवरून पाणी फिरवायचं, ते प्रोसेसरवर न्यायचं, तिथली उष्णता उचलायची आणि पाणी परत गार बाजूकडे आणायचं. झाला घरच्या घरी चिलर! लागणारं सामानही आवाक्यातलं: अ‍ॅल्युमिनियमचे दोन-तीन वॉटर ब्लॉक, एक छोटा पंप, सिलिकॉनची नळी, थर्मल पेस्ट, बारा व्होल्टचा एसएमपीएस आणि गरम बाजूसाठी पंखा लावलेला रेडिएटर. अभियांत्रिकीच्या मुलांनी प्रोजेक्ट म्हणून आणि गेम खेळणाऱ्यांनी हौस म्हणून असे चिलर जगभर केले आहेत.

हाच प्रयोग पनवेल तालुक्यातल्या नेरे गावात करायचा म्हटलं तर काय होईल, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. पनवेलहून सुकापूर ओलांडून माथेरानच्या डोंगराच्या दिशेने निघालं की नेरे लागतं. गाढी नदीचं खोरं, पुढे देहरंगचं धरण, परिसरात कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन. सुकापूरच्या बाजूने इमारती सरकत आल्या आणि २०१३ साली सिडकोच्या ‘नैना’, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची अधिसूचना निघाल्यापासून या पट्ट्याचं शेतीपण झपाट्याने ओसरलं. घरोघरी कॉम्प्युटर आहेत, ते तापतात, आणि मे महिन्यात खोलीतला पंखा गरम हवाच फिरवत असतो. चिलरची गरज इथे नक्कीच वाटेल. पण कोकणच्या हवेत हा चिलर गारव्यासाठी जवळपास निरुपयोगी आहे आणि शिकण्यासाठी अतिशय मोलाचा. त्यातून जो धडा मिळतो, त्याची गरज आज एका टेबलापेक्षा सगळ्या पनवेल तालुक्याला जास्त आहे.

या चकतीमागचं विज्ञान दोनशे वर्षांचं आहे. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक ठेवला की विद्युत परिणाम दिसतो, हे थॉमस सीबेकने १८२१ मध्ये पाहिलं. घड्याळं बनवण्याचा धंदा सोडून प्रयोगांकडे वळलेल्या जाँ पेल्टियर या फ्रेंच माणसाला १८३४ मध्ये उलटी गोष्ट दिसली: सांध्यातून वीज सोडली की तो गार किंवा गरम होतो. चार वर्षांनी हाइनरिश लेन्झने बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवून दाखवला आणि प्रवाह उलटा करून तोच थेंब वितळवला. पण साध्या धातूंमध्ये हा परिणाम फारच दुबळा होता. १९५० च्या दशकात अर्धवाहक आले, बिस्मथ टेल्युराइड हा पदार्थ हाती लागला आणि पेल्टियरचा शोध शतकाहून अधिक काळानंतर उपयोगाचा झाला. आज बाजारात सर्रास मिळणाऱ्या चकतीवर १२७०६ असा आकडा असतो. त्यातले १२७ म्हणजे आत बसवलेल्या ठोकळ्यांच्या जोड्या आणि ०६ म्हणजे जास्तीत जास्त सहा अँपिअर.

आता हिशेब. या चकतीच्या दोन्ही बाजूंचं तापमान सारखं असेल, तर बारा व्होल्टवर ती साधारण ५० वॉट उष्णता इकडून तिकडे नेते. दोन बाजूंमधला फरक वाढत गेला की तिची ताकद उतरत जाते, आणि तो ६०-६५ अंशांपर्यंत गेला की ती काहीच वाहून नेत नाही, फक्त वीज खाते. ३० अंशांचा फरक राखायचा तर एका चकतीकडून २५ वॉटच्या आसपास काम मिळेल. प्रोसेसर १०० वॉटचा असेल तर अशा चार चकत्या लागतील. प्रत्येक चकती ५५ वॉटच्या आसपास वीज घेते, म्हणजे चौघींची २२० वॉट. शंभर वॉट उचलायला दोनशेवीस वॉट! घरातला एसी किंवा फ्रिज याच्या उलट वागतो. त्याचा कॉम्प्रेसर एक वॉट विजेत साधारण तीन वॉट उष्णता बाहेर टाकतो.

पुढचा आकडा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चकतीने खाल्लेली वीज कुठे नाहीशी होत नाही, तीही उष्णताच होते आणि गरम बाजूला जमा होते. म्हणजे रेडिएटरला प्रोसेसरचे १०० आणि चकत्यांचे २२० असे मिळून ३२० वॉट खोलीत ओतावे लागतात. प्रोसेसर गार करताना खोली तिपटीहून जास्त तापते. त्या खोलीत एसी असेल तर तो या वाढीव उष्णतेसाठी आणखी वीज घेणार. रोज आठ तास कॉम्प्युटर चालवला तर चकत्यांचीच वीज महिन्याला ५० युनिटच्या वर जाते. युनिटला दहा रुपये धरले तर पाचशे रुपये झाले, पंप आणि पंखे वेगळे.

जाणकार यावर एक उपाय सांगतात आणि तो बरोबर आहे. चकतीला पूर्ण बारा व्होल्ट द्यायचेच नाहीत. दुप्पट चकत्या घेऊन त्या पाच-सहा व्होल्टवर चालवल्या आणि गरम बाजूला मोठा रेडिएटर दिला, तर तापमानातला फरक लहान असताना वाहून नेलेली उष्णता खाल्लेल्या विजेच्या बरोबरीने, कधी त्याहून जास्त निघते. चिलर करून पाहणाऱ्याने हे नक्की करावं. गरम बाजूला पंखा-रेडिएटर न लावता चकती कधीच सुरू करू नये, हेही लक्षात ठेवावं. अशा बऱ्याच चकत्यांमधले सांधे १३८ अंशांना वितळणाऱ्या डाखाने जोडलेले असतात; उघडी चकती काही सेकंदांत धोक्याच्या तापमानाला पोहोचते आणि कायमची जाते.

पण नेऱ्यात खरी अडचण विजेच्या आधी हवेची आहे. जुलैमध्ये पनवेल परिसरात तापमान २८ अंशांच्या आसपास असतं आणि हवेतली आर्द्रता ८५-९० टक्के. अशा हवेचा दवबिंदू साधारण २५-२६ अंश येतो. त्याहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर हवेतलं पाणी जमायला लागतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसा घाम. बाटलीखाली फडकं ठेवता येतं. मदरबोर्डवर तोच घाम ठिबकला तर शॉर्टसर्किट आणि कॉम्प्युटर संपला. म्हणजे पाणी २६ अंशांच्या खाली नेता येत नाही. खोली २८ अंशांची आणि मर्यादा २६ ची! इतकी खटपट, इतकी वीज, आणि हाताशी दोन अंश. मे महिन्यात खोली ३३-३४ अंशांना जाते, पण तेव्हाही इथली हवा दमट असल्याने दवबिंदू २५ च्या आसपासच असतो. नळ्यांना फोम गुंडाळून आणि सांधे सिलिकॉनने बंद करून थोडं पुढे जाता येतं. पण पावसाळ्याचे चार महिने एकही फट न ठेवता दमट हवा अडवणं घरच्या कामात कुणाला साधत नाही.

नागपूरला मे महिन्यात पारा ४३ वर असतो आणि हवा इतकी कोरडी, की दवबिंदू कितीतरी खाली असतो. तिथे हा चिलर पाणी २० अंशांपर्यंत नेईल तरी थेंब जमणार नाही. पण तिथे वाळ्याचा कूलर आहे, तो पाण्याच्या वाफेवर आणि एका पंख्यावर तेच काम फार स्वस्तात करतो. म्हणजे चिलर जिथे चालू शकतो तिथे त्याहून स्वस्त साधन आहे आणि जिथे कूलर हरतो त्या कोकणात चिलरही हरतो.

ही केवळ हौशी लोकांची फजिती आहे असंही नाही. इंटेलने २०२० मध्ये ‘क्रायो कूलिंग’ नावाने हेच तंत्र बाजारात आणलं. चकती, पाणी फिरवणारा ब्लॉक, हवेतली आर्द्रता मोजणारा सेन्सर आणि दवबिंदूच्या खाली जाऊ न देणारं सॉफ्टवेअर, सगळी तयारी होती. कूलर मास्टर आणि ईकेसारख्या कंपन्यांनी त्यावर महागडे कूलर काढले. ते चालतही होते, फक्त वीज भरपूर खायचे आणि फायदा थोडा द्यायचे. २०२३ मध्ये इंटेलने हे तंत्र बंद केलं.

म्हणून पेल्टियर टाकाऊ ठरत नाही. करोनाच्या काळात महाराष्ट्रात लाखो लोकांचे स्वॅब आरटी-पीसीआर यंत्रांतून गेले. त्या यंत्रात नमुना मिनिटामिनिटाला तापवावा आणि गार करावा लागतो, आणि ते काम बहुधा याच चकत्या करतात. प्रवाह उलटा केला की गारचं गरम, त्यामुळे त्यांच्याइतकं सोयीचं तिथे दुसरं काही नाही. ऑप्टिकल फायबरमधले लेझर, दुर्बिणींचे कॅमेरे, गाडीत ठेवायचा छोटा फ्रिज, या सगळ्या त्यांच्या हक्काच्या जागा आहेत. जिथे उष्णता थोडी आहे, जागा कमी आहे आणि नेमकेपणाला किंमत आहे, तिथे पेल्टियर राजा आहे. शंभर-दोनशे वॉटचा प्रोसेसर त्या वर्गात बसत नाही.

आणि प्रोसेसरला इतका गारवा हवा असतो कुठे? आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांपर्यंत चालतील असे बनवलेले असतात. मे महिन्यातल्या ३४ अंशांच्या खोलीत साध्या रेडिएटरचं पाणी ४०-४२ अंशांवर राहिलं आणि चिप सत्तरीच्या आत राहिली, तरी काहीही बिघडत नाही. पाणी कोमट असलं तरी भागतं, ते फक्त वाहतं असावं लागतं. मिनिटाला एक लिटर पाणी शंभर वॉटच्या चिपवरून गेलं, तर ते दीड अंशसुद्धा तापत नाही. पाण्याची उष्णता धरण्याची ताकद एवढी मोठी आहे.

मोठे महासंगणक याच वाटेने गेले. म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये २०१२ साली सुरू झालेला ‘सुपरएमयूसी’ चाळीस अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्याने गार केला जायचा आणि त्याची उष्णता हिवाळ्यात इमारती ऊबदार ठेवायला वापरली जायची. आपल्याकडे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. त्याच सी-डॅकच्या मालिकेतला ‘परम ब्रह्म’ २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत बसला, त्यात पाणी थेट चिपवरच्या ब्लॉकपर्यंत नेलं आहे. पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी आणि नेऱ्यातल्या एखाद्या मुलाने सोडवायचं गणित एकच आहे: उष्णता उचलायची आणि कमीत कमी विजेत, कमीत कमी पाण्यात बाहेर टाकायची.

हे गणित आता पनवेलच्या दारात मोठ्या आकारात येऊन उभं आहे. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला, भोकरपाड्याकडे हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत ‘योट्टा एनएम१’ हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झालं. ७,२०० रॅक आणि ५० मेगावॉट ही त्याची त्या वेळी जाहीर झालेली क्षमता. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या एनव्हिडियाच्या एच१०० चिपाही २०२४ पासून तिथे येऊ लागल्या. या जातीची एक चिप ७०० वॉटपर्यंत वीज घेते. आठ चिपांचा एक सर्व्हर दहा किलोवॉटच्या पुढे जातो, म्हणजे दीड टनाचे दोन एसी पूर्ण ताकदीने लावले तर कुठे एका सर्व्हरची उष्णता निघेल. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास मुंबई-नवी मुंबई परिसरात आहे आणि राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने या उद्योगाला सवलती देऊ केल्या आहेत. पुढची केंद्रंही याच पट्ट्यात येणार, हे उघड आहे.

ती यायला हरकत नाही. आपला डेटा आपल्या भूमीवर राहावा, इथल्या मुलांना काम मिळावं, हे रास्तच आहे. हरकत आहे ती हिशेब झाकून ठेवायला. डेटा सेंटरमध्ये गेलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होते. ती बाहेर टाकायचे मुख्य मार्ग दोन. पाण्याची वाफ करायची, म्हणजे वीज वाचते आणि पाणी जातं. किंवा कोरड्या हवेवर चालणारे चिलर लावायचे, म्हणजे पाणी वाचतं आणि वीज जास्त लागते. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण दोन तृतीयांश युनिट उष्णता निघून जाते. म्हणजे एका युनिट उष्णतेला दीड लिटर पाणी. या हिशेबाने ५० मेगावॉटचं एखादं केंद्र पूर्ण भाराने आणि निव्वळ वाफेवर गार केलं, तर दिवसाला १८ लाख लिटर पाणी हवेत जाईल. माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण धरलं, तर तेरा हजारांवर माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. हे पनवेलच्या किंवा आणखी कुठल्या विशिष्ट केंद्राचं मोजमाप नव्हे. कोण कुठली पद्धत वापरतो त्यावर आकडा शून्याजवळही येऊ शकतो. म्हणूनच प्रत्येक केंद्राचा खरा आकडा लोकांसमोर हवा.

पनवेलकरांना पाण्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या नगरपालिकेची २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. तिचं स्वतःचं धरण नेऱ्याच्या पुढे देहरंगला आहे, आणि पावसाळ्यात जिथे सहलीची गर्दी उसळते तिथेच उन्हाळ्यात तळ दिसू लागतो. मग पाताळगंगेचं पाणी, शेजारच्या महापालिकेचं पाणी, एमआयडीसीचं पाणी आणि टँकर यांवर शहर दिवस काढतं. पाताळगंगेत मोठं पाणी येतं ते खोपोलीच्या वीजघरातून. टाटांनी १९१५ मध्ये सुरू केलेल्या त्या वीजघरात घाटमाथ्यावरचं पाणी आधी वीज तयार करतं आणि मग नदीला मिळतं. या भागात वीज आणि पाणी हे दोन वेगळे विषय कधी नव्हतेच.

युरोपीय संघाने ५०० किलोवॉटवरच्या डेटा सेंटरांना वीज, पाणी आणि वाया जाणाऱ्या उष्णतेच्या वापराची माहिती दरवर्षी देणं बंधनकारक केलं आहे. पहिली माहिती देण्याची मुदत सप्टेंबर २०२४ होती. महाराष्ट्राने सवलती देताना हीच अट घालावी. वर्षाला किती युनिट वीज आली, त्यातली किती प्रत्यक्ष कॉम्प्युटरला आणि किती गारव्याला गेली, किती लिटर पाणी लागलं, ते पिण्याचं होतं की प्रक्रिया केलेलं, हे महापालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत वाचायला मिळालं पाहिजे. प्रक्रिया केलेल्या पाण्याचा पर्याय कागदावरचा नाही. नवी मुंबई महापालिका ऐरोली आणि कोपरखैरणे इथे सांडपाणी शुद्ध करून एमआयडीसीतल्या उद्योगांना देते. जी नवी केंद्रं येतील, त्यांनी पिण्याच्या पाण्याला हात न लावता आणि चिपपर्यंत कोमट पाणी नेऊन काम भागवावं, असा आग्रह धरायला कुठलाही नवा शोध लागायची वाट पाहायला नको.

हे आकडे मागणाऱ्याला ते समजलेही पाहिजेत, आणि इथे ती काहीशे रुपयांची चकती पुन्हा उपयोगाला येते. नवीन पनवेलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापासून नेरे परिसरातल्या शाळांपर्यंत, प्रत्येक प्रयोगशाळेत असा एक चिलर मुलांनी बांधावा. प्लगला वॉटमीटर लावावा, गार आणि गरम दोन्ही बाजूंना थर्मामीटर लावावेत, जुलैमध्ये नळीला पाणी सुटतं ते पाहावं, आणि उचललेली उष्णता भागिले खाल्लेली वीज हा भागाकार वहीत लिहावा. तो एकाहून कमी आला की मुलांना जे कळेल ते पाठ्यपुस्तकाच्या धड्याने कळत नाही. उद्या हीच मुलं ग्रामसभेत, महापालिकेत किंवा एखाद्या डेटा सेंटरच्या कंट्रोल रूममध्ये बसणार आहेत.

तोपर्यंत, ज्यांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर तापतो आहे त्यांनी चकत्यांवर पैसे घालू नयेत. पंख्यावरची धूळ काढावी, प्रोसेसरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी, सीपीयूचा डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा. आणि पनवेलमध्ये पुढच्या डेटा सेंटरची घोषणा झाली की आपल्या नगरसेवकाला, आमदाराला पहिला प्रश्न विचारावा: याची उष्णता कुठे जाणार, आणि ती न्यायला पाणी कुणाचं?